हप्ता वाढवून द्या!

...नाही, पण मला एक सांगा, समोरचा माणूस बोलतोय आणि आपण मान हलवली, तर त्याचा अर्थ 'ऐकतोय बाबा, बोल' असा होतो, की 'घेतलं, बांधून दे' असा होतो? तुम्हीच सांगा! मी तर आयुष्यभर 'ऐकतोय' एवढंच म्हणून मान हलवत आलो. शाळेत मास्तर विचारायचे, ''कळलं का रे?'' मी मान हलवायचो. त्यांना वाटायचं, कळलं. काडीचं कळलेलं नसायचं! शेवटी मी शाळा सोडतो म्हणालो तेव्हा ते म्हणाले, ''पुन्हा एकदा विचार कर.'' त्यावरही मी मान हलवली आणि दप्तर उचलून घरी आलो. पण शाळेत कसं होतं, मान हलवण्याचे पैसे पडत नव्हते. गाड्यांच्या शोरूममध्ये पडतात हो!

तो विकणारा पोरगा, माझ्याच वयाचा असेल, गळ्यात टाय, इतका घट्ट की बोलताना त्याचा कंठ टायवरून उडी मारून जायचा. आपण त्याला टायवालाच म्हणू. तर टायवाला म्हणाला, ''सर, पायाखाली मॅट्स लागतीलच ना?'' मी मान हलवली. ''रंगावर कोटिंग करून घेऊ, चकाकी राहते.'' मान हलवली. ''मागे कॅमेरा?'' मान. ''विम्याचं जरा वरचं पॅकेज?'' मान. ''सर, तुमच्यासारखे समजूतदार ग्राहक हल्ली राहिले नाहीत.'' आता याला तरी हलवायची नाही ना? हलली! आपोआप हलते हो ती! आत कुठेतरी स्प्रिंग आहे.

आणि हे सगळं चाललं तेव्हा आई कुठे होती? आई गाडीपाशी होती. गाडीच्या टपावर टिचक्या मारून आवाज ऐकत होती. कलिंगड घेताना ऐकतात तसा.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्यासारख्या मुखदुर्बळ माणसाला गाडी घ्यायला सांगितली कोणी? कोणी नाही सांगितली, मीच ठरवलं. मी सोफ्याची कव्हरं शिवतो, पडदे शिवतो, कामावर स्कूटरने जातो, मला स्वतःला गाडीची काय गरज! पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. स्कूटरवर मागे बसणं बंद. बसची पायरी चढणं बंद. मावशीचं घर गावाच्या त्या टोकाला, तिथे जाणं बंद. दोघी बहिणी फोनवर बोलतात, पण फोनवर भांडण रंगत नाही म्हणते.

बरं, हेही एक वेळ चाललं असतं. पण बाजार बंद झाला ना तिचा! आणि माझी आई म्हणजे... कसं सांगू... माझी आई भाव करते. सगळ्यांच्याच आया करतात, तसं नव्हे. ती बाजारात शिरली की भाजीवाले आधी एकमेकांना खुणा करायचे, मग वजनं पुसायला घ्यायचे. बाबा तर तिच्याबरोबर बाजारात गेले की कायम चार दुकानं पलीकडे उभे. कोणी विचारलं तर म्हणायचे, ''मी या बाईंना ओळखत नाही.'' अशी ही बाई, ऑपरेशननंतर घरात बसली. भाजी फोनवरून यायला लागली. पहिले काही दिवस फोनवर झुंजली, मग गप्प झाली. आणि एक दिवस भाजीवाला दारात आला, टोमॅटोचा भाव सांगितला, आणि आई म्हणाली, ''असू दे. जे होतील ते घे.''

जे होतील ते घे!

बाबा जेवत होते. त्यांचा घास हातात राहिला. भाजीवाला तर घाबरून म्हणाला, ''काकू, बरं आहे ना सगळं? दोन कमी करू का?'' आई म्हणाली, ''राहू दे रे.'' संध्याकाळी बाबा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, ''हिचं काहीतरी बघ. ही भाव करत नाही आता.'' त्यांचा आवाज असा होता, जसं डॉक्टरने काही सांगितलंय. मी काय बोलणार! मान हलवली. पण त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, मी खरंच 'हो' म्हणून हलवली होती. ठरवलं, गाडी घ्यायची. कर्ज काढायचं, पण आईला दाराशी गाडी आणायची.

बाबांना म्हटलं, ''चला शोरूममध्ये.'' म्हणाले, ''ती येणार आहे? मग मी घरी बरा. तिथे चार दुकानं पलीकडे उभं राहायला जागा नसेल.''

तर आम्ही दोघं. आईने टिचक्या संपवल्या, दार चार वेळा उघडून आपटलं, सीटवर बसली, उठली, तोंड वाकडं केलं आणि काठी टेकत आमच्या टेबलापाशी येऊन सोफ्यात बसली. मी तोपर्यंत मान हलवून हलवून निम्मी गाडी नुसती सजवूनच ठेवली होती. टायवाल्याने कागद पुढे केला. आईने चष्मा लावला.

''हे मॅट काय?''

''मॅडम, पायाखाली...''

''मॅडम कोणाला म्हणतोस? तुझ्या आईएवढी आहे मी.''

''काकू, पायाखाली घालायच्या मॅट्स.''

''घरचं पायपुसणं घालीन मी. काढ. कोटिंग काय?''

''काकू, रंग टिकतो.''

''म्हणजे न लावता टिकत नाही? मग रंगवून विकता कशाला? काढ. आणि हा कॅमेरा?''

''गाडी मागे घेताना मागचं दिसतं.''

''याला मान आहे ना! वळवून बघेल. दिवसभर हलवतच असतो, जरा कामाला येईल. काढ!''

सगळं काढलं हो! मी खाली बघत होतो. टायवाला माझ्याकडे बघत होता, म्हणजे 'सर, तुम्ही तर हो म्हणाला होतात,' अशा नजरेने. मी काय करणार? त्याच्याकडे बघून मान हलवली.

मग आई किमतीवर आली. किंमत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाली, ''निम्म्याने दे.''

टायवाल्याचा कंठ टायच्या आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. ''काकू... गाडीची किंमत कंपनी ठरवते.''

''मग कंपनीला बोलव.''

''कंपनी म्हणजे... काकू, कंपनी लांब असते.''

''आम्ही पण लांबूनच आलोय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना आलोय.''

आता याच्यावर काय उत्तर आहे? कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील? तो बिचारा थोडं सोडतो म्हणाला, अगदी थोडं, नखाएवढं. आईने नाक मुरडलं आणि तिचं ठेवणीतलं अस्त्र काढलं. उठून चालू लागणे! तुम्हाला माहीतच आहे ते. आपण उठायचं, पाठ फिरवायची, पाच पावलं टाकायची, आणि मागून 'अहो ताई, या हो, तुमचं नाही माझं नाही' अशी हाक आलीच पाहिजे. आईला ती हाक कधी आली नाही असं झालंच नाही.

पण इथे घोळ काय झाला, तिथला सोफा. मी कव्हरं शिवतो म्हणून सांगतो, असल्या दुकानांतले सोफे मुद्दाम खोल आणि बसके करून घेतात. माणूस एकदा आत गेला की त्याला उठायचा कंटाळा यावा! आईने ''चल रे, नको आपल्याला!'' म्हणून जोरात उठायला घेतलं आणि होती तिथेच राहिली. पुन्हा झोका घेतला. पुन्हा आत. मी हात दिला. काठी टेबलाखाली गेली. ती काढायला मी वाकलो, तर आई माझ्या पाठीवर हात रोवून अर्धी उठली, परत बसली. या सगळ्यात टायवाला आत जाऊन कॉफी घेऊन आला! म्हणाला, ''काकू, साखर किती?'' रागावून निघून जायचं आणि समोरून साखर किती! आई म्हणाली, ''एक चमचा.'' दुसरं काय म्हणणार?

पण तिचा चेहरा उतरला हो. ती उठू शकली नाही, हे तिला लागलं. कपाकडे बघत बसली. मला पुन्हा ते टोमॅटो आठवले. आता ही म्हणणार, 'असू दे, जे होतील ते घे,' आणि मी गाडी घेऊन घरी जाणार, आणि गाडीत बसलेली बाई काही माझी आई नसणार...

आणि तेवढ्यात टायवाला म्हणाला, ''काकू, किमतीचं डोक्यातून काढा. किंमत कोण बघतं हल्ली? महिन्याला किती जमेल ते सांगा. हप्त्याचं बोला.''

आईने मान वर केली. ''हप्ता कमी होतो?''

''तुमच्यासाठी करू ना!''

बस! आई सरसावून बसली. खरंच सांगतो, डोळ्यात अशी चमक आली, वर्षभर बघितली नव्हती मी. टायवाल्याने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. हप्ता साडेबारा हजार. आई म्हणाली, ''दहा!'' त्याने टकटक केलं, जरा ओठ चावला, कपाळावर हात मारला, सगळं साग्रसंगीत, आणि म्हणाला, ''केला!'' आईने माझ्याकडे बघितलं. म्हणजे, बघितलंस? मी मान हलवली. ''नऊ कर.'' टकटक. ''काकू, मला साहेब ओरडतील...'' ''ओरडू दे. नऊ.'' ''...केला!'' आईने पदर खोचला.

पण माझं लक्ष खाली होतं. वर हप्ता मोठ्या ठळक आकड्यांत, आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, वर्षं. साडेबाराला पाच वर्षं होती. दहाला सात झाली. नऊला आठ! आई वरून आकडा खाली ढकलत होती आणि खालून वर्षं वर येत होती. मला हिशेब फार येत नाही, पण कापडाचं कळतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी घेतला की लांबी जास्त घ्यावी लागते, सोफा काही लहान होत नाही! आणि वर जोड देत बसायचं, त्याचं कापड वेगळंच जातं. ते जे जोडाचं जातं ना, तेच हे व्याज.

''आठ!'' आई म्हणाली.

टायवाला म्हणाला, ''थांबा हं काकू, हे माझ्या हातात नाही.'' आणि उठून काचेच्या खोलीत गेला. तिथे कर्जवाला साहेब बसलेला. दोघं काचेआड माना हलवतायत, हात करतायत... आवाज नाही, नुसता देखावा. आई माझ्या कानात म्हणाली, ''बघ, घाम फुटलाय त्याला. मोठ्या साहेबाकडे गेला. तुझे बाबा हवे होते आज.'' आणि हसली. लहान मुलीसारखी हसली हो! ''मला वाटलं होतं, विसरले मी,'' असं म्हणाली.

आता सांगा! या बाईला मी काय सांगू? 'आई, तू हरतेयस?' तो परत आला, ''काकू, आठ! कोणाला सांगू नका, तुमच्यासाठी खास.'' मी खाली बघितलं. दहा वर्षं! दहा वर्षं म्हणजे गाडी भंगारात जाईल, गुडघा दुसरा दुखायला लागेल, टायवाला स्वतः साहेब होऊन काचेच्या खोलीत बसेल, आणि मी हप्ते भरतोय! मनातल्या मनात गुणाकार केला, तीनदा केला, तीनदाही दोन लाखांच्या वर जास्त जात होते. आणि आई विजयी मुद्रेने पेन मागत होती. ''दे रे, कुठे सही करायची याने?''

टायवाला मला म्हणाला, ''सर, मग नक्की ना?''

मान निघाली होती हो! निम्म्यापर्यंत खाली आली होती! मी हनुवटी हाताने धरली. खोटं नाही सांगत, हाताने धरली. आणि तोंडातून आवाज आला. माझाच असणार, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

''हप्ता... वाढवून द्या.''

टायवाला म्हणाला, ''काय?''

''हप्ता वाढवून द्या. आठ... फार कमी आहे.''

आईने माझ्या कपाळाला हात लावला. ''ताप आहे का रे?''

''नाही. बारा करा. साडेबारा करा.''

''अरे, मी एवढं रक्त आटवून खाली आणला!''

''तेच तर. फार खाली गेला.''

''आठ!'' आई टायवाल्याला म्हणाली. ''साडेबारा,'' मी म्हणालो. ''तू त्याचं ऐकू नकोस. आठ!'' ''साडेबारा.'' ''बरं, चल, साडेआठ, त्याच्या मनासाठी.'' ''साडेबारा.'' टायवाल्याची बोटं कॉम्प्युटरवर वर-खाली, वर-खाली. त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं, गिऱ्हाईक आपणहून वर जायला लागलं तर काय करायचं! टाय सैल केला त्याने. शेवटी तो कर्जवाला साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आला. म्हणाला, ''काय गडबड आहे?''

टायवाला म्हणाला, ''साहेब, काकू हप्ता कमी करा म्हणतात. सर वाढवा म्हणतात.''

''का?'' साहेबाने मला विचारलं.

आता 'का' ते मला माहीत होतं, साहेबाला माहीत होतं, टायवाल्याला तर चांगलंच माहीत होतं. फक्त आईला माहीत नव्हतं, आणि तिला कळू द्यायचं नव्हतं. मी साहेबाकडे बघितलं. साहेबाने त्या मुंगीएवढ्या अक्षरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, ''कमी हप्ता... बरं दिसत नाही.''

''कोणाला बरं दिसत नाही?'' आई.

''बँकेला. बँकेला वाटेल, यांची ऐपत नाही.''

संपलं! आई जी उभी राहिली... हो, उभी राहिली! त्या खोल सोफ्यातून, काठीशिवाय, एका दमात! ''आमची ऐपत काढतोय कोण?''

टायवाला दोन पावलं मागे. ''काकू, मी नाही काढली!''

''मग साडेबारा लाव! हा म्हणतोय ना, लाव!'' आणि साहेबाकडे वळून, काठी उचलून टेबलावर टेकवून म्हणाली, ''आता ऐका तुम्ही. माझं हे पोर साधं आहे. देवमाणूस. त्याने आपल्या तोंडाने तुमचा हप्ता वाढवला. असं गिऱ्हाईक मिळालं होतं कधी? जन्मात? त्याच्या साधेपणाचा फायदा घेऊन तुम्ही साडेबारा घेणार आणि किंमत तशीच ठेवणार? जनाची नाही, मनाची तरी?''

पलीकडच्या टेबलावर एक कुटुंब मॅट्सना हो म्हणत होतं, ते थांबलं. साहेब लाल झाला. त्याला वाटलं असेल, आता हा पोरगा वर्षांचं बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार! मी कुठला बोलतोय? पण त्याला काय माहीत! तो टायवाल्याला पुटपुटला, ''तीस हजार काढ.''

''आणि मॅट?'' आई म्हणाली.

''मॅट फुकट.''

''आणि ते रंगाचं?''

''काकू, आता जा हो घरी,'' साहेब म्हणाला. हात जोडून म्हणाला.

पाच वर्षं, किंमत तीस हजारांनी उतरली, हप्ता त्यामुळे बारावर आला, मॅट्स फुकट. मी सही केली. आई ताठ मानेने, काठी काखेत धरून बाहेर पडली.

आता तुम्हाला वाटेल, चला, सगळं गोड झालं. झालं ना! आई रोज गाडीत बसते. बाजारात जाते. परवा तिने एका फळवाल्याला असं पिळलं की बाबा चार नाही, सहा दुकानं पलीकडे जाऊन उभे राहिले, आणि तिथून माझ्याकडे बघून हसले. मावशीकडे जाते, समोरासमोर भांडतात, तृप्त होऊन परत येते. पण तिथे जाऊन सांगते काय? मावशीला, शेजारणीला, फळवाल्याला, मी गाडी चालवत असताना माझ्या मागे बसून सांगते काय? ''अगं, मी हप्ता आठवर आणला होता! आठवर! आणि हे ध्यान म्हणतंय, वाढवून द्या! मी होते म्हणून, नाहीतर गाडीबरोबर दुकान पण विकत घेऊन आला असता!'' आणि सगळ्या बायका माझ्याकडे अशा कनवाळू नजरेने बघतात... आणि मी? काय बोलू? आरशात बघून मान हलवतो.

पण काल कळस झाला. धाकट्या काकांचा फोन आला. बाबांचे भाऊ, कधी फोन करत नाहीत. म्हणाले, ''अरे, आमचा जुना फ्रीज काढायचाय. दार लागत नाही, दोरीने बांधतो आम्ही, पण थंड करतो बरं का. तुला घ्यायचाय का? वहिनीला आणू नकोस, तिला कशाला त्रास! तू एकटाच ये.''

मी विचारलं, ''काका, किंमत किती?''

म्हणाले, ''आपल्या घरात कसली रे घासाघीस! मी दोन हजारांपासून सुरुवात करतो. पुढे तू वाढव.''